भीतीची किंमत कोण मोजतो?

मार्च २०२४ मध्ये आपल्या मुरबाड तालुक्यातील एका गावात पंच्याहत्तरीच्या एका वृद्धाला घरातून धरून नेण्यात आले आणि जळत्या निखाऱ्यांवर नाचविण्यात आले. हा म्हातारा जादूटोणा करतो, असा संशय घेतला गेला होता. त्याचे पाय भाजले, पाठ भाजली. त्या प्रकाराची चित्रफीत मोबाईलवरून सर्वत्र फिरली, पोलिसांनी गुन्हा नोंदविला, वृत्तपत्रांतून काही दिवस चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे विषय मागे पडला.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'निर्भय जीवन' हा विषय दिला, तेव्हा सर्वप्रथम हीच घटना आठवली. म्हणून दिलेला विषय मी किंचित बदलून घेतला आहे. माणसाने निर्भय व्हावे, असे सांगणारी व्याख्याने पुष्कळ झाली. भीती प्रत्येकाला वाटते आणि वाटणारच. परंतु वाटणाऱ्या भीतीची किंमत शेवटी कोण मोजतो, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

त्या वृद्धाला धरणारे लोक क्रूर होते, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझ्या मते अशा प्रसंगी जमाव आधी घाबरलेला असतो. घरात एकामागून एक माणूस आजारी पडते, दुभते जनावर मरते, धरलेले पीक बसते, आणि कारण कळत नाही. कारण न कळणारे दुःख माणसाला सोसवत नाही. त्याला कोणाचा तरी चेहरा हवा असतो. तो चेहरा नेहमी दुर्बळाचा असतो, हे मात्र इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला नमूद केले पाहिजे. गावच्या सावकाराला किंवा पुढाऱ्याला कोणी चेटक्या ठरविल्याचे माझ्या ऐकिवात नाही. भुताळी ठरते ती एकटी विधवा. करणी करणारा ठरतो तो आधार नसलेला म्हातारा. भीती एकाची आणि चटके दुसऱ्याला, असा हा व्यवहार आहे.

दरवर्षी जून महिन्यात मी आठवीच्या वर्गाला एक काम देतो. नाव न घालता, कोऱ्या कागदावर, आपल्याला सर्वांत जास्त कशाची भीती वाटते ते लिहावयाचे. शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांवरून आलेली ही मुले मन लावून लिहितात. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, अमावास्येची रात्र, बिबट्या आणि गणित ही नावे पुन्हा पुन्हा येतात. मधूनच एखाद्या कागदावर 'बाबा पिऊन आले की' एवढेच लिहिलेले असते आणि तो कागद बराच वेळ हातातून खाली ठेवता येत नाही. साप फार थोडे जण लिहितात. मोटारसायकल आजवर एकानेही लिहिलेली नाही.

आता वस्तुस्थिती पाहू. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावल्याची सरकारी नोंद आहे. आपल्या तालुक्यांतून मुंबई-नाशिक महामार्ग आणि माळशेज घाटाचा रस्ता जातो. एकाच गाडीवर तिघे बसून, डोक्याला काही न घालता जत्रेहून परतणारी पोरे आपण रोज पाहतो. त्या मुलांना गाडीची भीती वाटत नाही. वाटेतल्या पिंपळाची वाटते. सर्पदंशाचे तसेच. संशोधकांच्या अंदाजानुसार या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली. यांतील बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी माणसे होती. मुंजाने मारलेल्या माणसांची नोंद कोणत्याही दप्तरात मला आढळलेली नाही.

सापांतही ज्याची भीती अधिक बाळगावी, त्याची आपण बाळगत नाही. फणा काढणारा नाग सर्वांना ठाऊक आहे. घोणस फुत्कारते, फुरसे अंग घासून करकर आवाज करते. मण्यार मात्र रात्री निमूटपणे घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका हलका असतो की पुष्कळदा झोपही मोडत नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, जीभ अडखळू लागते, मग श्वास मंदावतो. घरच्यांना अंगावर जखम दिसत नाही. साहजिकच 'बाहेरचे काही लागले' असे ठरते आणि भगताला बोलावणे जाते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील सहावीचा एक मुलगा गणपतीच्या सुट्टीत पाड्यावर गेला, तो परत आला नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून उठला होता. अंगारा लावला, नारळ उतरवला, आणि दुपारपर्यंत सारे आटोपले. त्याच्या आईला मी दोष देत नाही. भगत दोन घरे सोडून राहत होता, गाडी मिळण्याचा रस्ता ओढ्यापलीकडे होता आणि ओढ्याला पूर आला होता. भयभीत माणूस जवळचे दार ठोठावतो. लोक भगताकडे जातात म्हणून हसणाऱ्या शहरी मंडळींनी आधी पावसाळ्यात एकदा आमच्या पाड्यापर्यंत चालत यावे. तरीही सापाची लस रुग्णालयातच मिळते, अंगाऱ्यात नाही, हे सत्य त्यामुळे बदलत नाही. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. हे त्या घरातल्या एखाद्याला रात्रीच माहीत असते, तर त्या चार-पाच तासांचा उपयोग झाला असता.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि वर्षअखेर त्याचा कायदा झाला. सर्पदंश, विंचूदंश वा श्वानदंश झालेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. कायद्यात एवढी बारीक तरतूद का करावी लागली, ते आपल्या भागातील माणसाला वेगळे सांगायला नको.

भीतीचे माप ज्ञानाने कसे बदलते, याचे एक उदाहरण आपल्या कोकणातच आहे. तांबड्या विंचवाच्या दंशाने पूर्वी तेथे रुग्णालयात आलेल्या शंभरांपैकी तीस-चाळीस रुग्णही दगावत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम रुग्णांच्या उशाशी बसून अभ्यासला, प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध वापरून पाहिले, आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. विंचू तोच राहिला, त्याचे विषही तेच. आज महाडकडच्या माणसाला विंचवाची भीती वाटत नाही असे नव्हे. पण दंशानंतर काय करावे हे त्याला ठाऊक असते.

महाडचे नाव निघाल्यावर चवदार तळ्याजवळ थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारोंनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या निःशस्त्र माणसांवर हल्ले झाले. पुढे तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले. पाणी बाटेल, देव बाटेल, ही भीती खरी की खोटी, हे ठरविण्याचे काम न्यायालयांपुढे दहा वर्षे चालले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तळ्यावरची गुरे त्याआधीही पाणी पीत होतीच. विटाळाची भीती बाळगणारे एक आणि शतकानुशतके तहानलेले राहणारे दुसरे, असा तो हिशेब होता. हल्लीचे उदाहरण हवे असेल तर धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आठवावा. मुले पळविणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरील अफवेमुळे १ जुलै २०१८ रोजी तेथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भटक्या माणसांना जमावाने ठार मारले. तेथेही भीती पालकांची होती आणि मेली ती भिक्षा मागून जगणारी माणसे.

यावर कोणी म्हणेल, हे सारे अडाणी जमावाचे झाले. ज्ञानी पुरुषांना भीती कोठून? बाबासाहेबांनी स्वतःच याचे उत्तर लिहून ठेवले आहे. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेल्यावर त्यांना राहावयास जागा मिळेना, म्हणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर एकटेच. मोठे अंधारे दालन, वीज नाही, उजेडाला एक लहानसा कंदील आणि भोवती वटवाघळे. त्या वटवाघळांनी अंगावर काटा येई, असे परदेशी विद्यापीठांतून शिकून आलेल्या या विद्वानाने निःसंकोचपणे लिहिले आहे. ते वाचनात मन गुंतवीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे जिना चढून आली आणि त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. अंधारातली वटवाघळे आणि दिवसाउजेडी आलेल्या काठ्या, दोन्ही भये एकाच धर्मशाळेत. वटवाघळांची भीती त्यांनी पुस्तकाने निभावली. काठ्यांमागच्या व्यवस्थेशी मात्र पुढे आयुष्यभर झुंज दिली. कोणत्या भयाला किती आयुष्य द्यावे, याचा याहून चांगला धडा मला इतिहासात सापडलेला नाही.

तथागतांनीही आपली भीती लपविली नाही. मज्झिम निकायातील 'भयभेरव सुत्ता'त जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण म्हणतो की, अरण्यात एकट्याने राहणे फार कठीण आहे. भगवंत त्याला सांगतात की, बोधी प्राप्त होण्यापूर्वी मलाही तसेच वाटे. मग त्यांनी काय केले, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे. चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी अशा, लोक ज्यांना भितात त्याच रात्री निवडून ते भयाण समजल्या जाणाऱ्या वनांत जाऊन राहिले. एखादे जनावर जवळून जाई, मोर एखादी काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे, आणि भीती येई. चालत असताना आली तर ती शमेपर्यंत ते चालतच राहत. बसलेले असताना आली तर बसूनच राहत. भीती नाहीच, असे त्यांनी स्वतःला बजावले नाही. ते पळाले नाहीत आणि त्या आवाजाबद्दल दुसऱ्या कोणाला जबाबदारही धरले नाही. मोराने पाडलेली काटकी ती काटकीच, हे कळेपर्यंत थांबण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. मुरबाडच्या त्या गावात एवढे थांबणारे कोणी असते तर!

परंतु इतरांकडे बोट दाखवून हा लेख संपविणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्याला आता दोन-तीन पिढ्या झाल्या. तरी आपल्याच वस्त्यांतून नव्या गाडीला लिंबू-मिरची टांगलेली दिसते. घरभरणीसाठी अमावास्या टाळली जाते, आणि कारण विचारले तर 'आमचा विश्वास नाही हो, पण उगाच कशाला?' असे उत्तर येते. या 'उगाच कशाला' मध्ये जुनी गुलामगिरी अजून तग धरून आहे. शिकलेल्या घरांत तर नव्या भयांची भर पडली आहे. शेजाऱ्याच्या मुलाला ब्याण्णव टक्के पडले, आपल्या मुलाला एकोणसत्तर. क्लासवाल्यांचे फलक ही भीती विकतात आणि आपण हप्त्याहप्त्याने ती विकत घेतो. धास्ती बापाची, आणि रात्री बारापर्यंत जागणारे पोर पंधरा वर्षांचे.

मला सर्वांत अधिक सलते ती दहावीनंतर मुलीला घरी बसविणाऱ्या पालकांची भीती. तो बाप मुलीचा वैरी नसतो. एस.टी. वेळेवर येत नाही, फाट्यावर टवाळ पोरे उभी असतात, काही विपरीत घडले तर भावकी काय म्हणेल, असे तो विचारतो. यातील प्रत्येक धास्तीला आधार आहे, हे मी नाकारणार नाही. पण त्या धास्तीचे मोल म्हणून तो मुलीचे शिक्षण देऊन टाकतो, आणि टवाळ पोरे आपल्या जागी तशीच उभी राहतात. फाट्यावरून चार मुली मिळून गेल्या तर? मोफत पासाचा उपयोग केला तर? तालुक्याच्या वसतिगृहात अर्ज केला तर? विचारल्यावर बहुतेक पालक म्हणतात, 'सर, हे कोणी सांगितलेच नाही.' भीती सांगणारे दहा जण असतात, वाट सांगणारा एखादाच.

'लोक काय म्हणतील' या भयापुढे तर भलेभले नमतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा नाकारली आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत प्रथमच पाहून एकोणतीस वर्षांचा तरुण घाबरला, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला, असे ते मांडतात. (भातसा आणि तानसा आपल्या तालुक्यात असून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूरकरांना पाण्याचा तंटा समजावून सांगावा लागत नाही.) ठराव न मानल्यास देहदंड वा देशत्याग, किंवा कुटुंबाला वाळीत टाकणे आणि जमीन जप्त करणे, ही भये त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. सिद्धार्थाने पाहिले की, कुटुंबाला वाळीत टाकले तर आपल्या मताची किंमत इतरांना मोजावी लागेल. ती त्यांनी स्वतः मोजली आणि परिव्रज्या पत्करली. मुरबाडच्या निखाऱ्यांवर घडले ते याच्या नेमके उलट होते.

म्हणून सर्व भीती टाकून द्या, असे मी मुलांना सांगत नाही. घाटात दारू पिऊन जीप हाकणाराही निर्भयच असतो. धम्मात 'हिरी' आणि 'ओत्तप्प' यांना जगाचे रक्षण करणारे दोन गुण म्हटले आहे. हिरी म्हणजे वाईट कृत्याची लाज आणि ओत्तप्प म्हणजे त्याची भीती. ज्यांना म्हाताऱ्याच्या करणीची भीती वाटली, त्यांना त्याचे पाय निखाऱ्यांवर ठेवण्याची वाटली नाही. जी हवी होती तीच भीती तेथे नव्हती.

अंगुत्तर निकायात पंचशीलाला दान म्हटले आहे. प्राणिहिंसेपासून, चोरीपासून, असत्यापासून परावृत्त झालेला माणूस अगणित जीवांना अभय देतो, असा त्याचा आशय आहे. चांगले जगणे म्हणजे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर मी याच सुत्ताकडे बोट दाखवितो. ज्याच्या येण्याने घरातली, वर्गातली, वस्तीतली माणसे दचकत नाहीत, तो चांगला जगतो. त्या कागदावर 'बाबा पिऊन आले की' लिहिणाऱ्या मुलाला हे कोणी समजावून द्यावे लागणार नाही. शाळेलाही ही कसोटी लावावी. जुलै २०२५ मध्ये आपल्याच शहापूर तालुक्यातील एका शाळेत प्रसाधनगृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींची तपासणी करण्यात आली आणि त्या बातमीने सारा महाराष्ट्र अस्वस्थ झाला. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. पण छडी कपाटात गेल्यावरही मुलांचे डोळे शिक्षकाच्या हाताकडेच जात असतील, तर आम्ही शिक्षकांनी विचार करावयास हवा.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या निवासी शाळेतील लहान मुले बुद्धवंदना करून, त्रिसरण-पंचशील म्हणून झोपतात. ती जमिनीवर अंथरूण घालून झोपतात. पावसाळ्यात आणि भातकापणीच्या सुमारास साप जागा शोधत घरांत शिरतात, हे आपण सारे जाणतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी देणगी देऊ इच्छितात, असे कळले. कमानीला आणि फलकांना माझा विरोध नाही. मात्र त्याआधी प्रत्येक मुलाला एक खाट आणि एक मच्छरदाणी मिळावी, अशी माझी विनंती आहे. प्रसाधनगृहाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा हवा, आणि प्रत्येक खोलीच्या दाराशी एक बॅटरी टांगलेली हवी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत १०८ आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक लिहावा, म्हणजे सुट्टीत घरी जाणारी मुले ते पाड्यावर घेऊन जातील. मच्छरदाणीची कड गादीखाली चहूबाजूंनी खोचलेली असली पाहिजे, नुसती लोंबती उपयोगाची नाही. हे काम रोज रात्री दिवे मालविण्यापूर्वी नववी-दहावीच्या मुलांनी पाचवीच्या मुलांसाठी करावे, असे मी अधीक्षकांना सुचविले आहे.